पाणी उजव्या हाताला

त्या शनिवारी खडकवाडीच्या शाळेत पोलिओचा डोस होता. साल शहाण्णव, जानेवारीची वीस तारीख. सरकारनं हे काम नुकतंच काढलेलं, त्यामुळे शाळेच्या पटांगणात जत्रेसारखी गर्दी. कावेरी नर्सबाई सकाळी आठपासून एका खुर्चीवर बसून पोरांच्या तोंडात दोन-दोन थेंब टाकत होती. दुपारी तीनच्या सुमाराला मोहनराव नातवाला कडेवर घेऊन आले. डोस झाला, पोरगं रडलं, आणि मोहनराव जाता जाता सहज म्हणाले, "बाई, माणसांचं बगता तसं जनावराचं बी काई सांगा. माजी कालवड परवापासनं पाण्याकडं बगंना. तोंडातून नुसती लाळ. रातध्याड हंबरती."

"ढोरांच्या डॉक्टरला दाखवली का?"

"सकाळीच येऊन गेले. म्हनले, दावणीजवळ कुनी जाऊ नका, हिला पिसाळलेलं कुत्रं चावलंय. मग माज्या ध्यानात आलं. टोळीवाल्यांचं ते तांबडं पिल्लू नव्हतं का, ते येळवशीच्या टायमाला तिच्या पायाला झोंबलं होतं."

कावेरीचा हात तिथंच थांबला. पुढचं पोर आ करून उभं होतं.

"ते पिल्लू कुठंय आता?" तिनं विचारलं.

"कावून? मेलं की ते. टोळी गेल्यावर चार-सहा दिवसांतच मेलं. मीच नेऊन वढ्यात टाकलं."

मोहनराव निघून गेले. कावेरीनं आ केलेल्या पोराला डोस दिला, त्याच्या मागच्याला दिला, त्याच्या मागच्याला दिला. पोरं संपेपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही. पण डोकं जागेवर नव्हतं.

येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा शेतातला सण, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाली होती. तेव्हा त्रिंबक मुकादमाची ऊसतोडीची टोळी गावाच्या शिवारात उतरली होती. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी टोळीतल्या दोन बाया तीन पोरं घेऊन तिच्याकडे आल्या. पिल्लाशी खेळताना तिघांनाही दात लागले होते. अजिनाथ आणि भामाबाईची पाच वर्षांची राजनंदिनी, तिच्या गालावर. सिदूचा थोरला अंकुश, त्याच्या पायाला. सिदूचा धाकटा बंकट, चार वर्षांचा, त्याच्या बोटांना. जखमा लहान होत्या. पिल्लूही लहान होतं. कावेरीनं साबणानं जखमा धुतल्या, टिंचर लावलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि शिकवलेलं होतं तेच सांगितलं: पिल्लाला दहा दिवस बांधून ठेवा. दहा दिवस जगलं तर भ्यायचं कारण नाही. मेलं तर लगेच या.

चौथ्या दिवशी टोळी उठून गेली. पिल्लू मागं राहिलं. दहा दिवस त्याच्याकडे बघायला आता फक्त कावेरी होती, आणि कावेरी तालुक्याला पोलिओच्या ट्रेनिंगला गेली होती. परत आल्यावर घरोघरच्या याद्या करायच्या होत्या. पिल्लू तिच्या डोक्यातून पार गेलं.

त्याला आता महिना होत आला होता. चेहऱ्याला आणि बोटांना चावलेलं सगळ्यात वाईट, हे तिला पाठ होतं. एकदा पोरं पाण्याला भ्यायला लागली की कुठलाच डॉक्टर काही करू शकत नाही, हेही पाठ होतं. त्याच्या आधी पोटात चौदा इंजेक्शनं पडली तर आशा.

बूथ आवरून ती फाट्यावरच्या एसटीडीवर गेली. तालुक्याच्या, माजलगावच्या, दवाखान्यातले डॉक्टर फोनवर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत. म्हणाले, "लस आहे माझ्याकडे. तिघांपुरती बाजूला ठेवतो. पण गाडी नाही देऊ शकत, उद्या-परवा जीप राहिलेल्या घरांना डोस द्यायला फिरतेय. पोरं कुठं आहेत ते तरी माहीत आहे का?"

ते माहीत नव्हतं. तिनं साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसला फोन लावला. तिथला कारकून म्हणाला, त्रिंबकची टोळी गेल्या आठवड्यात लिंबवाडीला होती, आता पुढं सरकली असेल. पुढं म्हणजे कुठं? "धरणाच्या तळ्याच्या कडंनं. चार दिवस इथं, सा दिवस तिथं. सोमवारी तोडीच्या चिठ्ठ्या आल्या की बगून सांगतो."

सोमवारपर्यंत थांबणं तिच्यानं होणार नव्हतं. तिसरा फोन तिनं नवऱ्याला केला. मन्मथ माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मुनीम होता आणि एक आठवडा सोडून शनिवार-रविवारी खडकवाडीला यायचा.

"तू डॉक्टरांना लिहून दे," तो म्हणाला. "टोळी निघून गेली, पत्ता लागत नाही म्हणून. तुझ्या हातात अजून काय आहे?"

"लिहून दिल्यावर पोरं वाचतात का?"

एसटीडीच्या डब्यावरचे लाल आकडे पळत होते. मग त्यानं विचारलं, "मी येऊ का?"

"तुम्ही दवाखान्यात थांबा. उद्या संध्याकाळी. मी पोरं घेऊन येते तिथं."

"कशानं?"

"सायकलनं बघते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. असं काही करायचं तिनं तोपर्यंत ठरवलेलंही नव्हतं.

गावात सुंदरराव नावाचे निवृत्त पोस्टमन होते. सत्तावीस वर्षं त्यांनी सायकलवर टपाल वाटलं होतं, आणि त्यांच्या वाटपातली निम्मी गावं माजलगावच्या धरणात गेली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. कावेरी त्यांच्या अंगणात पोचली तेव्हा उन्हं अजून होती आणि त्यांची बायको चंद्रभागाबाई तूर पाखडत बसली होती. कावेरीनं काही न लपवता सगळं सांगितलं. सांगताना पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला.

"रडायचं मागनं," सुंदरराव म्हणाले. "आदी खडू आन."

सारवलेल्या अंगणात त्यांनी हातानं चाचपत तळं काढलं. दिसत नव्हतं, पण हात अडखळला नाही. खाली दक्षिणेला खडकवाडी. डावीकडं, पश्चिमेला, तळ्याचं शेपूट, जिथं सिंदफणा आत येते. वर उत्तरेचा काठ. उजवीकडं धरणाची भिंत आणि माजलगाव.

"आख्खा वेढा किती होईल, काका?"

"पाखरू उडालं तर लई न्हाई. पन तळं काय ताटासारकं गोल न्हाई. ही बग, वढ्याची तोंडं." त्यांनी काठावरून आत घुसणाऱ्या पाच रेघा मारल्या. "पाणी ह्या समद्या वढ्यांत शिरलंय. समोरचं गाव हाकेवर दिसतं, अन् जायला दोन कोस फिरावं लागतं. आत-बाहेर, आत-बाहेर. शंभर किलोमीटरच्या खाली न्हाई."

कावेरी आजवर वडवणीच्या पुढं सायकलनं गेली नव्हती. वडवणी तिचं माहेर, तिथवर चौदा किलोमीटर, तेही डांबरी रस्त्यानं.

"कुणाची मोटारसायकल मिळाली तर?"

"जुना रस्ता तीन जागी पाण्यात जातो. तिथं पायवाटा हायेत, बांदावरनं, पाणंदीतनं. सायकल खांद्यावर घेता येती. मोटारसायकलीला खांदा कोन देईल? आन तुला काय सडकंनं जायचं न्हाई, काठानं जायचंय. टोळी सडकंवर ऱ्हात न्हाई."

"काठालाच असेल कशावरून?"

ह्याचं उत्तर चंद्रभागाबाईनं दिलं. "बैलं हायेत ना त्यांची. टायरच्या गाड्या ओढून दमलेली जनावरं, त्यांना सांज-सकाळ पाणी लागतं. कोप्या, त्यांची पाचटाची खोपटं, पाण्याजवळच पडणार. अन् एक ध्यानात ठेव. गाडीवरून उसाचं वाडं, शेंड्याचा पाला, गळत जातं. वाटंवर हिरवं वाडं दिसलं तर टोळी काल-परवा तिथनं गेली. वाळून खडंग झालं असंल तर आठवडा झाला समज."

कावेरीनं औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर सगळं उतरवून घेतलं. मग वाद झाला तो दिशेचा. कावेरीला वाटत होतं, आधी माजलगावकडून उत्तरेचा काठ धरावा, तिथं ऊस जास्त. सुंदरराव म्हणाले, न्हाई. टोळी शेवटी दिसली ती लिंबवाडीला, पश्चिमेला, आणि तोड पुढं सरकतीय उत्तरेकडं. "तू तिच्या मागं मागं जा. समोरून गेलीस अन् ती दुसऱ्या वाटंनं सटकली तर कळणार बी न्हाई. पाणी उजव्या हाताला ठेव. सकाळचा वारा पाठीवर भेटंल."

"आणि दुपारनंतर?"

"दुपारनंतर तोंडावर. ते तुला भोगावं लागंल."

मग त्यांनी वेळा बांधून दिल्या. उजाडता निघायचं. आठच्या आत लिंबवाडी. बाराच्या आत शेपटाचा पूल. चारच्या आत बोरखेडा. दिवस बुडताना भिंत. पुलावर बारा वाजून गेले तर परत फिरायचं, कारण पुढं मुक्कामाला ओळखीचं घर नाही. कावेरीनं हे शेवटचं लिहून घेतलं, पण पाळायचं नाही हे तिनं तिथंच ठरवलं.

तिची स्वतःची लेडीज सायकल सुंदररावांनी मोडीत काढली. टायर बारीक, रिम नाजूक. कोपऱ्यातली त्यांची काळी दांडीची सायकल चंद्रभागाबाईनं बाहेर काढली, पुसली. पंप, पंक्चरचं सोल्युशन, ट्यूबचे तुकडे, दोरी. साडीवर दांडीची सायकल जमणार नव्हती म्हणून कावेरीनं पेटीतला पंजाबी ड्रेस काढला. चार भाकरी, चटणी, पाण्याची बाटली, आणि डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी पिशवीत घातली.

रविवारी उजाडताना तिनं कपाळाला विभूती लावली, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि निघाली.

वारा खरोखरच पाठीवर होता. पहिले दोन ओढे तिनं सुंदररावांनी सांगितले तसे पार केले, एक पाणंदीतनं, एक गुडघाभर पाण्यातून सायकल खांद्यावर घेऊन. सायकल जड होती, खांद्यावर दांडी रुतत होती. लिंबवाडीला पोचली तेव्हा साडेआठ झाले होते. अर्धा तास उशीर.

काठावर कोप्यांचे खड्डे तेवढे होते, राखेचे ढीग, फाटकी चप्पल. पाण्यावर म्हशी धुणाऱ्या माणसानं सांगितलं, "टोळी? गेली की पाच दिस झाले."

"कुठं?"

"ते मला काय ठाव, बाई."

वाटेवर वाडं होतं, वाळून पिवळं पडलेलं. ती त्या वाड्यामागं गेली. तासाभरानं दुफाटा लागला आणि दोन्ही वाटांवर तसंच वाळलेलं वाडं. कुणाला विचारावं तर आसपास माणूस नाही. तिनं पाणी उजव्या हाताला ठेवलं. ती वाट चिखलात संपली. समोर तळं, आणि पाण्यातून सरळ उभे विजेचे जुने खांब. जुना रस्ता इथून आत जात होता. सुंदररावांनी हे सांगितलं होतं, तिनं लिहूनही घेतलं होतं, पण घाईत ती वळण चुकली होती. परत दुफाट्यावर येईपर्यंत दहा वाजून गेले.

त्यानंतर बाभळीचा काटा. मागचं चाक बसलं. पंक्चर काढताना तिनं आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, स्वतः कधी काढलं नव्हतं. टायर उचकटायला लोखंड नव्हतं, म्हणून चटणीच्या डबीतला चमचा घातला. चमचा वाकला. नखं निघाली. सोल्युशन लावून ठिगळ दाबून धरलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण मोठमोठ्यानं बोलतोय. "राजनंदिनी, अंकुश, बंकट. राजनंदिनी, अंकुश, बंकट." आपण कधीपासून बोलतोय हे तिला सांगता आलं नसतं. तिच्या डोळ्यांसमोर मोहनरावांची कालवड येत होती, जी तिनं पाहिलीही नव्हती.

शेपटाच्या पुलावर ती पोचली तेव्हा दीड वाजला होता. बारा कधीच होऊन गेले होते. ती थांबली नाही. भाकरी सायकल चालवतानाच खाल्ली.

पूल ओलांडला आणि वारा तोंडावर आला. उत्तरेच्या काठाला आडोसा नाही, नुसती काळी रानं आणि ऊस. सायकल पुढं सरकेना. उतारावरसुद्धा पायडल मारावं लागत होतं. मांड्या दगड झाल्या होत्या. एका चढावर ती उतरली, सायकल ढकलायला लागली, आणि मधेच खाली बसली. आता जमणार नाही असं वाटलं. पोरं सापडणार नाहीत. सापडली तर आजारी सापडतील. आणि आजारी सापडली तर आयांपुढं उभं राहायचं तोंड आपल्याला नाही. मग त्यापेक्षा न सापडलेली बरी, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. त्या विचाराची तिला इतकी भीती वाटली की ती उठून उभी राहिली.

चढ संपल्यावर वाटेवर वाडं दिसलं. हिरवं होतं. तिनं उचलून मोडून पाहिलं, आत ओल होती.

बोरखेड्याच्या शिवारात, पाण्यापासून हाकेवर, पंचवीसेक कोप्या होत्या. सगळी माणसं फडात, ऊस तोडायला. कोप्यांपाशी फक्त लहान पोरं आणि एक म्हातारी. साडेचार झाले होते. कावेरीनं सायकल टाकली आणि पोरांच्या घोळक्यात शिरली. राजनंदिनी तिला लगेच दिसली. गालावर तांबडे व्रण होते. ती उसाचं कांडं सोलत होती.

कावेरीनं तिच्यासमोर बसून बाटली पुढं केली. "पाणी पी."

पोरीनं तिच्याकडं बघितलं, बाटली घेतली आणि घटाघटा प्याली.

अंकुश बाजूलाच होता, त्यालाही तिनं पाणी पाजलं. तोही प्याला. "बंकट कुठंय?"

"गावाला गेलाय," अंकुश म्हणाला. "आजीसंगं."

फडातून माणसं बोलावली. त्रिंबक मुकादम पुढं आला, मागून अजिनाथ, भामाबाई, सिदू आणि त्याची बायको. सगळ्यांच्या हातात कोयते होते. कावेरी उभी होती, ड्रेस चिखलानं भरलेला, हाताच्या बोटांना रक्त.

"ते पिल्लू पिसाळलेलं होतं," ती म्हणाली. "मला तेव्हा कळलं नाही. दहा दिवस बघा म्हणून मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही गेलात तर बघायचं मला होतं, आणि मी बघितलं नाही. चूक माझी आहे. पोरांना आजच दवाखान्यात न्यायचंय. चौदा दिवस, रोज एक इंजेक्शन, पोटात."

सिदूच्या बायकोनं अंकुशला जवळ ओढलं.

त्रिंबक म्हणाला, "पोरं तर बरी दिसत्यात की, बाई. जखमा भरल्या."

"जखम भरली म्हणजे विष गेलं असं नसतं. एकदा सुरू झालं की दोन-चार दिवसांत पोर जातं. त्याला औषध नाही."

"चौदा दिस पोरांसंगं कोन ऱ्हानार? इथं एक बाई गेली तर जोडी मोडती, म्हंजे एक कोयता कमी. फड उरकायचाय."

"मी जाते," भामाबाई म्हणाली. कुणाला विचारलं नाही तिनं. "दोनी लेकरं घेऊन मी जाते. तुमी फड उरका."

ती बोलताना कावेरीची नजर तिच्या उजव्या हातावर गेली. अंगठ्याच्या मुळाशी दोन बारीक खुणा होत्या.

"हे काय लागलं, भामाबाई?"

"उसाचं पातं. आमच्या हाताला काय, रोजचंच हाय."

उसाचं पातं चिरतं. ह्या खुणा चिरल्याच्या नव्हत्या. कावेरीनं तो हात आपल्या हातात घेतला. "खरं सांगा. पिल्लू ओढून काढताना चावलं का?"

भामाबाईनं हात मागं घेतला. राजनंदिनी आईचा पदर धरून म्हणाली, "आयला बी चावलंय. आय म्हनली सांगू नगं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"लेकरांचं बगायला आलतो," भामाबाई खाली बघत म्हणाली. "माजं काय त्यात."

कावेरीला आपलाच राग आला. त्या दिवशी ही बाई तिच्यासमोर अर्धा तास बसली होती. लेकरू कुणी सोडवलं एवढं विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

पाच वाजता शेजारच्या फडातून उसानं भरलेला ट्रॅक्टर माजलगाववरून कारखान्याला निघाला. अजिनाथनं भामाबाईला आणि दोन्ही पोरांना ड्रायव्हरशेजारी बसवलं. कावेरीनं चिठ्ठीवर आकडा तीनच ठेवला, फक्त एक नाव बदललं: बंकटच्या जागी भामाबाई. "दवाखान्याच्या दारात माझे मालक असतील. मन्मथ म्हणून हाक मारा," ती म्हणाली.

राहिला बंकट. तो आजीबरोबर पाटोद्याच्या वर डोंगरातल्या गावी गेला होता. सिदूला आज निघणं भाग होतं, आणि शेवटची बस सडकेवरून सहाला जायची. सडक नऊ किलोमीटर. कावेरीनं पुठ्ठ्याच्या मागे तिथल्या डॉक्टरांसाठी चार ओळी लिहिल्या. सिदूनं पायडल मारलं, ती मागं कॅरियरवर बसली. सिदू काटक होता, वाऱ्यातही सायकल पळवत होता. वाटेत तो एकदाच बोलला. "बारकं लई नाजूक हाय, बाई. म्हनून आईसंगं धाडलं. इथं थंडी सोसत नव्हती त्याला."

ते पोचले तेव्हा बस गेलेली होती. टपरीवाला म्हणाला, आत्ताच गेली. पुष्कळ वेळ हात केल्यावर बीडकडं जाणारा एक ट्रक थांबला. सिदू मागं चढला. कावेरीनं ओरडून सांगितलं, "पाणी पितो का ते आधी बघा. पीत असला तर तसाच उचला आणि दवाखान्यात न्या." सिदूनं मान हलवली. ट्रक गेला.

उरलेले पंचवीस किलोमीटर तिनं कसे कापले ते तिला नंतर सांगता येत नसे. दिवस बुडाला, मग भिंतीवरचे दिवे दिसले. ट्रॅक्टर पोचला असेल का, भामाबाई मधेच उतरली तर नसेल, पोरीला ताप आला तर नसेल, हेच डोक्यात चालू होतं. दवाखान्याच्या फाटकातून ती आत आली तेव्हा मन्मथ पायरीवर बसला होता. त्याच्या मांडीवर डोकं ठेवून अंकुश झोपला होता.

"तिघांनाही दिलं," मन्मथ म्हणाला. "पोरगी लई रडली. भामाबाई नाही रडली."

कावेरीला सायकलवरून उतरता आलं नाही. त्यानंच तिला दांडीवरून उतरवून घेतलं.

चौदा दिवस ती ड्यूटी संपली की एसटीनं दवाखान्यात जात राहिली. वर लिहूनही दिलं तिनं सगळं, स्वतःची चूक धरून. खुलासा मागणारं पत्र आलं, तिनं खुलासा दिला. चौदावं इंजेक्शन झालं, कारखान्याचा ट्रॅक्टर येऊन तिघांना घेऊन गेला. सिदूकडून निरोप नव्हता. कावेरीनं त्याच्या गावच्या पत्त्यावर दोन पोस्टकार्डं टाकली. उत्तर आलं नाही. मग तिनं स्वतःला सांगितलं की सिदूला लिहिता येत नाही.

दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा उतरल्या. एका सकाळी उपकेंद्राच्या दारात भामाबाई उभी राहिली. राजनंदिनी तिच्या मागं, एक वर्षानं उंच झालेली, गालावरचे व्रण पांढरे पडलेले. कावेरीनं पोरीला जवळ घेतलं, भामाबाईचा हात बघितला. मग विचारलं, "सिदू आलाय का?"

"न्हाई. तो औंदा तोडीला आला न्हाई." भामाबाई उंबऱ्यापाशी टेकली. "अंकुश चांगला हाय. बंकट गेला, बाई."

"कधी?" कावेरीनं विचारलं.

"सिदू सोमवारी रातच्याला पोचला. बीडला गाडी न्हाई भेटली, मग चालत गेला बराच. पोरानं त्या दिशी सकाळपास्नं पाणी सोडलं होतं. सिदूनं तरीबी उचलून नेला. दोन दिसांनी गेला."

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. भामाबाई उठली नाही.

"तुमी चुकले म्हनल्या, ते त्यानं सोताच्या कानानं ऐकलंय," ती म्हणाली. "मला ठाव हाय, त्यो तुमाला माफ करनार न्हाई. मीबी त्याला कर म्हनले न्हाई."

"नका म्हणू," कावेरी म्हणाली.

भामाबाईनं राजनंदिनीला पुढं सारलं. "हिला दोन दिसांपास्नं खोकला हाय. बगता का?"

कावेरीनं पोरीला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या पाठीला कान लावला.